कारगिल: चार वाटांचा पडाव

कारगिल हे लडाखच्या पश्चिम भागातले, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६७६ मीटर उंचीवर वसलेले लहान शहर आहे. सुरू नदी पेन्झी ला खिंडीजवळच्या हिमनद्यांतून निघते, मोठा वळसा घेऊन उत्तरेकडे येते आणि पुढे नियंत्रण रेषेपलीकडे सिंधूला मिळते. तिच्या काठावरच्या अरुंद पट्टीवर आणि त्यामागच्या उतारावर कारगिलची घरे आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १६,३३८ होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांच्या गावांहूनही कमी. संपूर्ण जिल्ह्यात १,४०,८०२ माणसे होती. त्यांपैकी सुमारे ७७ टक्के मुस्लिम आणि १४ टक्के बौद्ध. मुस्लिमांत शिया पंथाचे लोक बहुसंख्य असून द्रास भागात आणि खुद्द शहरात सुन्नी वस्तीही आहे. मराठी घरांत हे नाव पोहोचले ते १९९९ च्या उन्हाळ्यात, युद्धाच्या बातम्यांतून. त्यामुळे टोलोलिंग आणि टायगर हिल ही शिखरे पुष्कळांना ठाऊक असतात, त्या शिखरांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या गावांचा इतिहास मात्र फारसा कुणी वाचलेला नसतो.

या भागाचे जुने नाव पुरिग. येथील लोक पुरिगी बोलतात. ती तिबेटी कुळातली भाषा असून उत्तरेकडच्या, स्कार्दूभोवतालच्या बाल्टिस्तानातल्या बाल्टीची सख्खी बहीण आहे. द्रासकडे शिना भाषा चालते. कारगिल या नावाची व्युत्पत्ती स्थानिक लोक ‘खार’ म्हणजे किल्ला आणि ‘किल’ म्हणजे मध्य अशी सांगतात: अनेक गढ्यांच्या मधोमध असलेली जागा. ही फोड भाषाशास्त्राला मान्य होवो न होवो, भूगोलाला ती धरून आहे. पश्चिमेला झोजी ला ओलांडून श्रीनगर, पूर्वेला लेह, दक्षिणेला सुरू खोऱ्यातून झांस्करचे पदुम आणि उत्तरेला सिंधूच्या खोऱ्यातले स्कार्दू, अशा चार वाटा येथे एकत्र येतात. श्रीनगर, लेह आणि पदुम ही तिन्ही ठिकाणे येथून दोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत, स्कार्दू त्याहून जवळ. कारगिलचे सारे वैभव या चार वाटांनी आणले आणि त्याच्या वाट्याला आलेले बहुतेक हालही त्यांच्यामुळेच आले.

मान्सूनचा पाऊस हिमालयाच्या या बाजूला जवळजवळ येत नाही. येथे शेती होते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगरातल्या ओढ्यावर बांध घालून पाणी कड्याच्या कडेकडेने पाटाने आणायचे, तळ्यात साठवायचे आणि पाळीपाळीने वाफ्यांत सोडायचे, ही येथील गावगाड्याची मूळ व्यवस्था. पाटाला ‘युरा’, साठवण तळ्याला ‘झिंग’ आणि पाणी वाटणाऱ्या माणसाला ‘चुरपोन’ म्हणतात. चुरपोन म्हणजे आपल्याकडचा पाटकरीच. जेथवर पाट जातो तेथवर हिरवे आणि पाटाच्या वरच्या अंगाला लगेच उघडा दगड, असे येथील प्रत्येक गावाचे चित्र आहे. सातू, गहू, वाटाणा, जनावरांसाठी लसूणघास, इंधन आणि छपरासाठी सफेदा व वाळुंज ही झाडे, यांवर गाव उभे राहते. उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणांत जायचे. त्या वरच्या वस्तीला ‘ब्रोक’ म्हणतात.

खालच्या खोऱ्यातल्या गावांना, विशेषतः हरदास आणि कारकिचू या बाजूला, जर्दाळूने आधार दिला. एप्रिलमध्ये झाडे फुलतात आणि उन्हाळा संपत आला की गावातले प्रत्येक धाब्याचे छप्पर केशरी दिसू लागते. फळ दोन बोटांनी फोडून बी वेगळी काढतात आणि अर्धी फळे उन्हात पसरतात. बीही वाया जात नाही. दगडावर ती फोडून आतला गर काढायचा, गोड असेल तर खायचा, कडू असेल तर वाटून, गरम पाण्याचा हबका देत हाताने मळून त्याचे तेल काढायचे. हे तेल दिव्याला, केसांना, सांधेदुखीला आणि स्वयंपाकालाही चाले. हलमान ही येथील नावाजलेली जात, तर पांढऱ्या बीच्या ‘रक्त्से कार्पो’ या जातीला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झोजी ला नोव्हेंबरच्या सुमारास बंद झाली की मे महिन्यापर्यंत बाहेरून काही येत नसे. ते सहा महिने माणसे सातूचे पीठ, वाळवलेला भाजीपाला आणि सुके जर्दाळू यांवर काढीत.

पुरिगमध्ये इस्लाम येण्याआधी बौद्ध धर्म होता आणि त्याच्या खुणा जागेवर आहेत. लेहच्या रस्त्यावर मुलबेख येथे कड्यात कोरलेली सुमारे नऊ मीटर उंचीची मैत्रेयाची उभी मूर्ती पुष्कळ प्रवाशांनी पाहिलेली असते. तिच्यासारखीच दुसरी मूर्ती सांकूजवळ कर्चे-खार येथे आहे आणि तिच्याभोवतीची वस्ती मुस्लिम आहे. शहराच्या उत्तरेला अपाती येथेही एक शिल्प आहे. गावांनी धर्म बदलल्याला कित्येक शतके झाली, तरी या मूर्ती उभ्या राहिल्या. उत्तर भारताच्या इतिहासात ही गोष्ट जितकी ठळकपणे नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

धर्मांतर तलवारीच्या एका मोहिमेने झाले नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरमध्ये आलेल्या मीर शमसुद्दीन इराकी यांनी आणि त्यांच्या परंपरेतल्या प्रचारकांनी बाल्टिस्तानात नूरबख्शी पंथ पसरवला. पुढे त्या भागातले बहुसंख्य लोक बारा इमामांच्या शिया पंथात आले आणि तीच लाट नदीच्या वाटेने पुरिगमध्ये शिरली. सुरू खोऱ्यात सांगितली जाणारी कथा अशी: कर्चेचा बौद्ध राजा थी नामग्याल याची राणी बाल्टी होती, सोळाव्या शतकात राजाने इस्लाम स्वीकारला आणि शिकवणीसाठी काश्मीरहून सय्यद मीर हाशिम यांना बोलावले. कार्पो-खार येथे मीर हाशिम यांचा दर्गा आहे. राजघराण्यांतल्या सोयरिकीने धर्म एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेल्याचे उदाहरण लेहमध्येही दिसते. स्कार्दूच्या अली शेर खान अंचन याने लेहच्या जमयांग नामग्यालला हरवल्यावर जमयांगचे लग्न बाल्टी राजकन्या ग्याल खातूनशी झाले. त्यांचा मुलगा सेंगे नामग्याल हा लडाखचा सर्वांत नावाजलेला राजा, आणि तो बौद्धच राहिला.

जुने पूर्णपणे गेले नाही. जानेवारीच्या उत्तरार्धात, थंडी अगदी कडाक्याची असताना, गावोगाव ‘ममानी’ हा सण होतो. मृतांच्या नावाने अन्न शिजवायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचे, हा त्याचा गाभा. धान्य-कडधान्यांत बोकडाचे मुंडके व पाय घालून रात्रभर शिजवलेला रस्सा या दिवशी हवाच. हा सण इस्लामच्या आधीपासूनचा मानला जातो. तिबेटी जगातली केसर राजाची वीरकथा येथे मुस्लिम कथेकरीही हिवाळ्याच्या रात्री सांगत. मुलबेख-वाखाच्या बाजूला एकाच कुटुंबात बौद्ध आणि मुस्लिम नातेवाईक असत, आणि एकाच माणसाच्या नावात दोन्ही परंपरांचे शब्द येत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या धार्मिक संस्था बळावल्या, तशी मिश्र लग्ने थांबत गेली आणि लग्नातली ढोल-सनई व गाणेही बऱ्याच मुस्लिम गावांत बंद झाले. त्यांची जागा मर्सिया, नोहा आणि कसीदा या धार्मिक गायनप्रकारांनी घेतली. तेही फारसी-उर्दूबरोबर बाल्टी आणि पुरिगीत रचले जातात.

गावात आगा आणि शेख यांचा शब्द मोठा असतो. आगा म्हणजे पैगंबरांच्या वंशातले मानले जाणारे सय्यद. शेख म्हणजे धर्मशास्त्र शिकून आलेला विद्वान, आणि हे शिकणे पूर्वी इराकमधील नजफला व नंतर मोठ्या प्रमाणात इराणमधील कोमला जाऊन होई. ज्या काळात येथून श्रीनगरला जायलाच कित्येक दिवस लागत, त्या काळात डोंगरातल्या शेतकऱ्याची मुले नजफपर्यंत शिकायला जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गावांना ‘दुर्गम’ हा एकच शब्द लावणे अपुरे वाटते. गावातले तंटे, वाटण्या, सोडचिठ्ठ्या हे सारे आगांपुढे जाई. मोहरममध्ये खोऱ्यातल्या गावांतून माणसे कारगिलला येतात, आणि आशुराची मिरवणूक हा शहराचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो.

राजकीय सत्ता मुळात कारगिलला नव्हती. पश्कुम, सोद, चिक्तन, कर्चे येथे छोटे सरदार गढ्या बांधून होते आणि ते कधी लेहला, कधी स्कार्दूला खंडणी देत. चिक्तनचा राजवाडा बाल्टी कारागिरांनी बांधला असे सांगतात. दगड, माती आणि लाकडाच्या थरांची ती इमारत आज कड्यावर मोडकळीला आलेली दिसते. १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाब सिंहांचा सेनापती जोरावर सिंह किश्तवाडच्या बाजूने थेट सुरू खोऱ्यात उतरला. सांकूजवळ पहिली लढाई झाली, पश्कुम आणि सोद पडले, आणि पुढे लेहही. १८४० मध्ये त्याने स्कार्दू घेतले. १८४१ च्या डिसेंबरात तिबेटच्या मोहिमेत तो मारला गेला. १८४६ च्या अमृतसर तहानंतर जम्मू-काश्मीर संस्थान उभे राहिले. पुढे लेह, कारगिल आणि स्कार्दू या तीन तहसिलींची मिळून लडाख वजारत झाली. तिचा अधिकारी वर्षाचा काही काळ लेहला आणि काही काळ स्कार्दूला बसे, आणि जाता-येता त्याचा मुक्काम कारगिलला पडे. तहसिलीचे ठिकाण म्हणून कारगिलचा बाजार वाढला आणि पश्कुमसारखी जुनी ठाणी मागे पडली.

बाजार वाढण्याचे खरे कारण मात्र व्यापार. १८७० मध्ये महाराजा रणबीर सिंह आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार होऊन काश्मीर-लेहमार्गे मध्य आशियाकडे जाणारा रस्ता व्यापाराला खुला राहील असे ठरले. ‘ट्रीटी रोड’ हे त्याचे नाव तेव्हापासूनचे. आजच्या चीनमधल्या यारकंदहून लेहला येणारे तांडे पुढे येथून श्रीनगरकडे जात. रेशीम, गालिचे, नमदे, चरस आणि पश्म खाली येई. सुती कापड, मसाले, साखर, चहा, नीळ आणि रंग वर जात. बाल्टिस्तानातून सुके जर्दाळू आणि तूप येई. होशियारपूरचे पंजाबी व्यापारी, काश्मिरी, यारकंदी, बाल्टी हे सारे एका अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने थाटून किंवा सराईत उतरून राहत.

या काळाचे एक दार सुदैवाने उघडे राहिले आहे. लेहमध्ये जन्मलेले मुन्शी अझीझ भट (१८६६–१९४८) कारगिलला अर्जनवीस म्हणून आले आणि पुढे मोठे व्यापारी झाले. १९२० मध्ये त्यांनी सुरूच्या काठाजवळ सराई बांधली: खाली जनावरे आणि माल, वर माणसे. व्यापार थांबल्यावर ती कुलूपबंद पडून राहिली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडण्याची वेळ आली, तेव्हा आतला साठा बाहेर निघाला. घोड्यांची खोगिरे आणि साज, गालिचे, नाणी, पिरोजे, युरोपातून आलेले साबण, बटणे व रंग, विकायची राहून गेलेली पादत्राणे आणि कापड, शिवाय हिशेबाच्या वह्या व पत्रव्यवहार. जॅकलिन फ्यूक्स या मानवशास्त्रज्ञ अभ्यासिकेने या कागदांचे मोल ओळखले आणि लडाखच्या व्यापारावरच्या आपल्या पुस्तकात त्यांचा उपयोग केला. कुटुंबाने २००४ मध्ये त्याचे संग्रहालय केले. राजेरजवाड्यांच्या वस्तू सगळीकडेच जपल्या जातात. एका दुकानदाराच्या फडताळातला माल जसाच्या तसा शतकभराने हाती लागणे फार विरळा. बाजार कसा चाले, कोणाला काय लागे, काय खपत नसे, हे त्यातून कळते.

वह्यांत जे फारसे दिसत नाही ते म्हणजे हा माल कोणाच्या पाठीवरून गेला. रस्त्याकाठच्या आणि खोऱ्यातल्या गावांवर ‘रेस’ची पाळी असे: अधिकारी, प्रवासी आणि व्यापारी यांना ठरलेल्या दराने घोडी, हमाल, सरपण आणि चारा पुरवायचा. दर जवळजवळ नावापुरता. ही वेठच होती. तिचा खरा जाच कॅलेंडरमध्ये होता. खिंड उघडी असते ते चार-सहा महिने म्हणजेच नांगरणी, पाणी देणे, कापणी आणि जर्दाळू वाळवण्याचे महिने. घरातला कर्ता माणूस आणि घोडे दोन-तीन पडावांपलीकडे ओझे पोहोचवायला गेलेले, आणि इकडे पाण्याची पाळी आलेली. पाळी चुकली की वाफा वाळला, आणि वाफा वाळला की पुढचा हिवाळा उपाशी. कारगिलच्या बाजाराची भरभराट सांगताना गावांनी भरलेली ही किंमत सांगितली नाही, तर तो इतिहास अर्धाच राहतो. भाड्याने घोडी हाकणारे ‘किरायाकश’ मात्र या व्यापारात थोडाफार पैसा कमावत. पुष्कळ घरांत शेतीपेक्षा घोड्यांवरच भिस्त असे.

दोन वर्षांत हे सारे संपले. नोव्हेंबर १९४७ मध्ये गिलगिटमध्ये बंड झाले. तेथून निघालेल्या तुकड्यांनी फेब्रुवारी १९४८ पासून स्कार्दूच्या किल्ल्याला वेढा घातला आणि मे महिन्यात कारगिल घेतले. संस्थानी सैन्यातले शेर जंग थापा यांच्या तुकडीने स्कार्दू ऑगस्टपर्यंत लढवले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने झोजी लाच्या ३,५२८ मीटर उंचीवर स्टुअर्ट रणगाडे चढवून खिंड जिंकली. इतक्या उंचीवर रणगाडे येतील असे समोरच्यांनी धरलेच नव्हते. नोव्हेंबरच्या अखेरीस कारगिल पुन्हा भारताच्या ताब्यात आले. १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाली आणि रेषा शहरापासून काही किलोमीटरवर थांबली. स्कार्दूची वाट बंद झाली. त्याच वर्षी चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि यारकंदचा व्यापारही संपला. ज्या गावाचा धंदा चार दिशांना जाण्यावर होता, त्याच्याजवळ आता श्रीनगर, लेह आणि झांस्कर उरले, आणि तेही हिवाळ्यात नाही.

धर्म, भाषा आणि सोयरिकी यांचे धागे मात्र स्कार्दूकडेच होते. बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, अशी घरे गावोगाव निघाली. व्यापाराला गेलेला माणूस, शिकायला गेलेला मुलगा, लग्न होऊन गेलेली मुलगी, जो जेथे होता तेथेच राहिला. घोडी हाकणाऱ्यांना सैन्याची हमाली आणि रस्त्याची कामे मिळू लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनगर-लेह मोटाररस्ता झाला आणि तांड्यांचे उरलेसुरले काम ट्रकांनी घेतले.

शहराच्या डोक्यावरची शिखरे पाकिस्तानच्या हाती होती आणि तेथून हा रस्ता माऱ्यात येई. १९६५ मध्ये भारतीय सैन्याने ती दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा समझोत्यात परत दिली. १९७१ च्या डिसेंबरात ती तिसऱ्यांदा घेतली. ती आजतागायत भारताकडे आहेत. त्या लढाईत हुंदरमन गाव भारतात आले. कारगिलपासून दहाएक किलोमीटरवरचे हे गाव १९४९ नंतर पाकिस्तानच्या बाजूला होते. १९६५ नंतर ते दोन्ही सैन्यांच्या मधोमध अडकले, आणि १९७१ च्या एका रात्रीनंतर सकाळी गावकऱ्यांचा देश बदलला होता. लढाईत काही जण पलीकडे निघून गेले, काही मागे राहिले. डोंगराच्या कुशीत एकमेकांच्या छपरांवर रचल्यासारखी दगडी घरे असलेली जुनी वस्ती, हुंदरमन ब्रोक, पुढे ओस पडली. लोक जवळच नव्या घरांत राहू लागले. जुन्या घरांपैकी एकदोन घरांत आता लहानसे संग्रहालय आहे. त्यात भांडी, अवजारे, कपडे यांबरोबर पलीकडच्या नातलगांनी पाठवलेली पत्रे ठेवली आहेत.

१ जुलै १९७९ ला लेहपासून वेगळा होऊन कारगिल जिल्हा झाला. लेह बौद्धबहुल आणि कारगिल मुस्लिमबहुल, त्यामुळे या विभाजनाकडे धार्मिक नजरेने पाहिले गेले. मात्र रस्ते, दवाखाने, शाळा आणि नोकऱ्या लेहकडेच जातात ही तक्रार त्याआधीपासूनची होती आणि तिच्यात तथ्य होते. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले, तरी कारगिलला प्रवासी रात्रीच्या मुक्कामापुरतेच थांबत. पडाव ही जुनीच भूमिका, फक्त घोड्यांऐवजी बसगाड्या.

१९९७ पासून शहरावर तोफगोळे पडू लागले. १९९९ च्या मे महिन्यात पाकिस्तानी घुसखोरी उघड झाली, तेव्हा कारगिल, काकसर, लातू, हरदास या बाजूच्या गावांनी घरे सोडली आणि माणसे, गुरे, अंथरुणे घेऊन सुरू खोऱ्यात सांकू-पानिखरच्या दिशेने गेली. तेथील गावांनी त्यांना घरांत घेतले. पेरणी गेली, पाट फुटले, जर्दाळूच्या बागा सुकल्या. वरच्या ठाण्यांना दारूगोळा आणि पाणी पोहोचवण्यासाठी याच गावांतले हमाल पाठीवर ओझी घेऊन चढत होते. २६ जुलैला युद्ध संपले, तरी तोफा पूर्ण थांबल्या त्या नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर. त्याच वर्षी कारगिलला स्वतःची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद मिळाली. गोळीबार थांबल्यावर शहर झपाट्याने वाढले: सिमेंटची घरे, महाविद्यालये, हॉटेले.

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. लेहमध्ये आनंद, कारगिलमध्ये निषेध, अशी सुरुवात झाली. दोन वर्षांच्या आत मात्र दोन्हीकडच्या संघटना एकत्र येऊन राज्याचा दर्जा आणि राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचे संरक्षण मागू लागल्या. जमीन आणि नोकऱ्यांची काळजी बौद्ध आणि शिया दोघांनाही सारखीच होती. झोजी लाखालून सुमारे तेरा किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. तो झाला की बर्फाने बंद होणारी श्रीनगरची वाट बारमाही होईल.

चौथ्या वाटेची मागणी कारगिलचे लोक वारंवार करत आले आहेत: निदान विभागलेल्या कुटुंबांना भेटता यावे, एवढ्यासाठी तरी. स्कार्दूचा रस्ता नदीकाठाने जातो, मोटार चालेल असा आहे आणि चालत गेले तरी काही दिवसांत संपणारा आहे. १९४८ पासून तो बंद आहे. हुंदरमनच्या वरच्या वळणावर पर्यटकांना दुर्बिणी भाड्याने मिळतात, आणि त्यांतून पलीकडच्या गावातली शेते, पाट आणि छपरे स्पष्ट दिसतात.